ब्रेकच्या उष्णतेवर रेल्वेचे डबे उबदार ठेवता येतील का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धावती गाडी थांबते तेव्हा तिची गतिज ऊर्जा उष्णतेत जाते, हे शाळेपासून ठाऊक असते. मग कडाक्याच्या थंडीत एकीकडे ब्रेकमधून उष्णता हवेत सोडायची आणि दुसरीकडे वीज खर्चून तेच डबे तापवायचे, हे कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र गाडी कोणत्या प्रकारची आहे, किती वेळा थांबते आणि तिच्या डोक्यावरची तार परत आलेली वीज घेऊ शकते का, यावर ठरते. खालची उत्तरे याच गोष्टींभोवती फिरतात. आकडे ढोबळ आहेत, पण कुणालाही कागदावर पडताळता येतील असे.

एकदा ब्रेक लावल्यावर किती उष्णता मिळते?

प्रवाशांसह ५० टनांचा एक डबा घेऊ. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना त्याच्यात सुमारे १९ मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते. विजेच्या भाषेत ५.४ युनिट. चाके आणि मोटरचे फिरते भाग धरले तर आणखी थोडी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत यातला बहुतेक भाग ब्रेकनाच पचवावा लागतो, कारण हवेचा आणि रुळांचा विरोध तेवढ्या वेळात फार काही खात नाही.

वेगाचा परिणाम वर्गाने होतो. तोच डबा ताशी ६० किलोमीटरवरून थांबला तर २ युनिटसुद्धा हाती येत नाहीत. १६० वरून थांबला तर जवळजवळ १४ युनिट. म्हणून ‘ब्रेकमध्ये किती उष्णता असते’ याला एक आकडा नाही. वेग सांगितल्याशिवाय या प्रश्नाला अर्थच नाही.

आणि डबा उबदार ठेवायला किती लागते?

बाहेर शून्याखाली आणि आत २२ अंश ठेवायचे तर एका डब्याला साधारण २० ते ४० किलोवॉट लागतात. भिंती, छत आणि काचांमधून उष्णता जाते हे सगळ्यांना सुचते. ताज्या हवेचा हिशेब मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ६० प्रवाशांसाठी प्रत्येकी ताशी १५ घनमीटर बाहेरची हवा आत घ्यायची आणि ती उणे ८ वरून २२ अंशांवर आणायची, तर एवढ्यालाच ९ किलोवॉट जातात.

दुसऱ्या बाजूला प्रत्येक माणूस स्वतः सुमारे १०० वॉट उष्णता देतो. साठजणांचे ६ किलोवॉट झाले. खच्चून भरलेल्या गाडीत हीटरवरचा भार बराच हलका होतो, आणि पहाटेच्या रिकाम्या गाडीला सर्वांत जास्त उष्णता लागते, त्याचे कारण हेच.

मग हिशेब जुळतो का?

मेट्रोत जुळतो, लांब पल्ल्याच्या गाडीत जुळत नाही.

मेट्रोचा ४० टनांचा डबा दर दोन मिनिटांनी ताशी ६० किलोमीटरवरून थांबतो असे धरले, तर ब्रेकमधून सरासरी ४६ किलोवॉट बाहेर पडतात. त्यातले निम्मे जरी पकडता आले तरी थंडीतली बरीचशी गरज भागते. उलट, तासातून एकदा १६० वरून थांबणाऱ्या ५० टनी डब्याला तासाला १४ युनिट मिळतात, म्हणजे सरासरी १४ किलोवॉट, तेही काहीच वाया न जाता. या गाडीला ब्रेकच्या भरवशावर सोडले तर प्रवासी गारठतील.

गाडी जितकी जास्त वेळा थांबते तितकी ही कल्पना बळकट होते. जलद गाडीबद्दल बोलणारा आणि लोकलबद्दल बोलणारा यांची या विषयावर सहमती होत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

हिशेब जुळत असेल तर अडते कुठे?

वेळेवर. हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

१०० किलोमीटर वेगाचा ५० टनी डबा नेहमीच्या ब्रेकने साधारण ३५ सेकंदांत थांबतो. ब्रेक लागतो त्या पहिल्या क्षणी त्यातून ११०० किलोवॉटच्या घरात शक्ती बाहेर पडते, आणि डब्यातला हीटर ३० किलोवॉटचा. त्या ३५ सेकंदांत हीटर सतत चालू ठेवला तरी तो एक मेगाज्यूलच्या आसपास घेईल. उरलेले १८ मेगाज्यूल कुठेतरी जावेच लागतात. त्यानंतर गाडी स्थानकात उभी असताना दारे उघडतात आणि डबा थंड होऊ लागतो, नेमक्या त्याच वेळी ब्रेक काहीच देत नाहीत.

म्हणजे उष्णता पुरेशी असते, पण एका दमात येते आणि लागते मात्र थोडी थोडी, सतत. मधे साठवण नसेल तर मूळ ऊर्जेचा विसावा हिस्सादेखील जेमतेम उपयोगी पडतो. एखादा प्रस्ताव साठवणीबद्दल गप्प असेल, तर माझ्या मते तो अजून विचारात घेण्याच्या पायरीला आलेला नाही.

ही उष्णता साठवायची कशात?

साधे पाणी अजूनही उत्तम. १५० लिटर पाणी ३१ अंशांनी तापवले की वरचे सगळे १९ मेगाज्यूल त्यात मावतात. पाण्यात गोठणरोधक ग्लायकॉल मिसळावे लागते, त्यामुळे क्षमता थोडी घटते. टाकी, पंप आणि नळ्या धरून डब्यामागे दोनशे-अडीचशे किलो वजन वाढते. पन्नास टनांच्या डब्याला ते जड नाही, पण ते वजन उन्हाळ्यातही वाहावे लागते.

वितळताना उष्णता शोषणारे पदार्थ हा दुसरा मार्ग. सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट ५८ अंशांना वितळते. डबा तापवायला हे तापमान अगदी सोयीचे, आणि तेवढ्याच वजनाच्या पाण्यापेक्षा त्या तापमानाच्या आसपास ते कितीतरी जास्त उष्णता धरते. त्याची खोड अशी की ५८ च्या खाली गेले तरी ते लगेच गोठत नाही, द्रवच राहते आणि उष्णता परत द्यायला नकार देते. शिवाय उष्णता त्यात शिरायलाही वेळ लागतो आणि आपल्याकडे असतात जेमतेम अर्धा मिनिट.

तिसरी साठवण तर गाडीत आधीच बसवलेली आहे: डबा स्वतः. जमीन, आसने, पत्रे, आतली हवा. ब्रेक लागत असताना थर्मोस्टॅट २२ ऐवजी २३ वर नेला आणि गाडी वेग घेत असताना २१ वर आणला, तर प्रवाशाला फरक जाणवत नाही आणि हीटरचा बराच भार ब्रेकच्या वेळेकडे सरकतो. याला एक किलोचे नवे सामानही लागत नाही.

तापलेल्या ब्रेक डिस्कवरची हवाच सरळ डब्यात का सोडत नाहीत?

ते करू नये. घर्षणातून लोखंडाची, तांब्याची आणि ब्रेक पॅडमधल्या रेझिनची बारीक धूळ उडते. ती हवा प्रवाशांच्या नाकाशी नेणे आरोग्याला घातक आहे, वासाचे तर बोलायलाच नको. मधे हीट एक्स्चेंजर, म्हणजे हवा न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारे साधन, लावायचा म्हटला, तर डिस्क चाकाबरोबर फिरते आणि बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यात, रुळांपासून हातभर अंतरावर धक्के खात असते. तिथून लवचिक नळ्यांनी उष्णता वर आणायची, आणि त्या नळ्यांनी बर्फ, खडी, चिखल सोसत वर्षे काढायची.

यापेक्षाही मोठा आक्षेप सुरक्षेचा आहे. आणीबाणीच्या ब्रेकमध्ये डिस्क शेकडो अंश तापते आणि लगेच थंड होण्यावर तिचे पुढचे काम अवलंबून असते. उष्णता जपायची म्हणून तिच्याभोवतीचा वारा अडवला तर पुढच्या वेळी ब्रेक कमी पकडेल. ब्रेकचे पहिले काम गाडी थांबवणे. त्याला बाधा आणणारी कोणतीही बचत स्वीकारता येत नाही.

मग वापरण्याजोगी उष्णता मिळते तरी कुठून?

विजेच्या ब्रेकमधून. मोटरचा जनित्र करून गाडी थोपवायची आणि तयार झालेली वीज रेझिस्टरमध्ये, म्हणजे विजेला विरोध करून तापणाऱ्या भागात, जाळायची, याला रिओस्टॅटिक ब्रेक म्हणतात. रेझिस्टर एका जागी पक्का बसवलेला असतो, त्यात घर्षणाची धूळ नसते, आणि त्याच्यावरून पंख्याने हवा फिरवण्याची सोय बहुतेक वेळा आधीच असते.

हे करून झालेले आहे, आणि तेही फार पूर्वी. १९३६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पीसीसी जातीच्या ट्राम सेवेत आल्या. त्यांचा मुख्य ब्रेक विजेचाच होता. सुरू होताना आणि थांबताना तापणाऱ्या रेझिस्टरवरून ब्लोअर हवा ढकलत असे, आणि हिवाळ्यात ती गरम हवा झडप वळवून प्रवाशांकडे आणली जाई. पुढे उत्तर अमेरिकेतल्या अनेक शहरांत या ट्राम पसरल्या. दर दोनशे-तीनशे मीटरवर थांबणारी ट्राम या कल्पनेसाठी जणू मुद्दाम घडवलेले वाहन आहे: थांबे भरपूर, वेग बेताचा, रेझिस्टर पायाखालीच.

आता पाण्याने थंड होणारे ब्रेक रेझिस्टरही मिळतात. रेझिस्टरची उष्णता ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्यात, पाणी टाकीत, आणि टाकीतून डब्याच्या रेडिएटरकडे. आज नवी रचना करायची असेल तर माझी पसंती याच मार्गाला राहील, कारण साठवण आणि वहन दोन्ही एकाच नळीत होते.

पण वीज तयार होतेच आहे, तर ती तारेत परत का पाठवू नये?

पाठवावीच. ब्रेकची ऊर्जा वीज म्हणून वापरता येत असेल तर तिची उष्णता करणे हा तोटा आहे. विजेने गाडी हलवता येते, दिवे लावता येतात, कॉम्प्रेसरने हवा दाबता येते. साठ अंशांच्या पाण्याने फक्त उबदार करता येते.

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर आत आणणारे यंत्र, असेल तर फरक आणखी ठळक होतो. ब्रेकमधल्या एका युनिटपैकी मोटर आणि कन्व्हर्टरमधून (विजेचे रूप बदलणाऱ्या यंत्रणेतून) पार होऊन साधारण ०.८५ युनिट वीज हाती येते. ती रेझिस्टरमध्ये घातली तर ०.८५ युनिट उष्णता मिळते. तीच हीट पंपाला दिली तर सौम्य थंडीत तो एका युनिटला अडीच युनिट उष्णता उचलून आणतो, म्हणजे हातात दोनहून अधिक युनिट. कडक थंडीत पंपाची ही पत दीड-दोनपर्यंत उतरते, तरीही तो रेझिस्टरच्या पुढेच राहतो.

म्हणून क्रम असा लावावा: आधी गाडीची स्वतःची गरज, मग तारेवरून दुसऱ्या गाडीला, मग साठवण, आणि रेझिस्टर सर्वांत शेवटी. या शेवटच्या पायरीपर्यंत जी ऊर्जा पोहोचते तीच खरी टाकाऊ, आणि डबे तापवण्याची चर्चा फक्त तिच्याबद्दल व्हायला हवी.

अशी टाकाऊ ऊर्जा उरते तरी का?

कारण तार प्रत्येक वेळी वीज घेऊ शकत नाही. डीसी मार्गावर सबस्टेशनचे रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारी यंत्रे, सहसा एकाच दिशेने वीज सोडतात. तुमच्या गाडीने परत दिलेली वीज घ्यायला त्याच टप्प्यात दुसरी गाडी वेग घेत असायला हवी. ती नसली तर तारेचा विद्युतदाब चढतो. ७५० व्होल्टच्या मार्गावर ९०० आणि १५०० व्होल्टच्या मार्गावर १८०० ही मान्य कमाल मर्यादा आहे. तिच्याजवळ पोहोचताच गाडी वीज परत देणे आवरते आणि उरलेली रेझिस्टरकडे किंवा घर्षणाच्या ब्रेककडे वळवते.

हे केव्हा घडते ते पाहा: पहाटे, रात्री उशिरा, सुट्टीच्या दिवशी, जेव्हा गाड्या विरळ असतात. आणि डबे रिकामे असल्याने हीटरची गरज सर्वाधिक असते तीही याच वेळी. गर्दीच्या तासांत तार सगळी वीज गिळते, आणि डबे माणसांनीच तापलेले असतात. निसर्गतः जुळलेली ही जोडी या कल्पनेच्या बाजूने मला दिसणारा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

२५ किलोव्होल्ट एसी मार्गावर हा प्रश्न बराच सौम्य असतो, कारण तिथे वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलट वर जाऊ शकते.

आजच्या गाड्यांत हे आधीच होते आहे का?

काही प्रमाणात, हो. आधुनिक गाडीत मोटरचे कन्व्हर्टर आणि हीटर, दिवे, कॉम्प्रेसर चालवणारे सहायक कन्व्हर्टर बहुधा एकाच डीसी दुव्याला, म्हणजे गाडीतल्या समाईक वीजवाहिनीला, जोडलेले असतात. ब्रेक लागला की मोटरची वीज आधी तिथल्या तिथे हीटरमध्ये जाते, उरलेली तारेकडे. डब्यातली काही ऊब ब्रेकचीच असते, पण त्यावर तसे लिहिलेले नसते.

एसी मार्गावर दोन टप्प्यांमधला वीज नसलेला तुकडा ओलांडताना तर अनेक गाड्या किंचित ब्रेक लावून मोटरमधून वीज काढतात आणि दिवे, पंखे, वातानुकूलन सुरू ठेवतात. प्रवाशाला काही कळत नाही.

डिझेल गाड्यांचे काय?

तिथे इंजिनचीच टाकाऊ उष्णता मुबलक असते आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्यावर डबे तापवण्याची पद्धत जुनी आहे. ब्रेकचा संबंध येतो तो हायड्रोडायनॅमिक ब्रेक असलेल्या डिझेल रेलकारमध्ये. या ब्रेकमध्ये तेल घुसळले जाते, तेलाची उष्णता त्याच पाण्याच्या चक्रात उतरते आणि तिथून डब्यात येते. लांब उतारावर इंजिन नुसते संथ फिरत असते आणि त्याची उष्णता कमी पडते, तेव्हा ब्रेक ती उणीव भरून काढतो.

घाटातल्या गाड्यांना जास्त फायदा होतो का?

खूपच. उतारावर ब्रेक अर्धा मिनिट नव्हे, तासभर लागलेला असतो, त्यामुळे साठवणीची अडचण जवळजवळ नाहीशी होते.

स्वित्झर्लंडमधून इटलीत उतरणारा बर्निना मार्ग घ्या. ओस्पिझियो बर्निना स्थानक २२५३ मीटर उंचीवर, तिरानो ४२९ मीटरवर. दात्यांच्या रुळाशिवाय, दर हजार मीटरला ७० मीटरपर्यंतच्या उतारावरून गाडी सव्वाअठराशे मीटर खाली येते. गाडीच्या प्रत्येक टनामागे जवळजवळ ५ युनिट स्थितिज ऊर्जा सुटते. २० टनांचा डबा धरला तर शंभर युनिट. बर्फाळ दिवशीही एवढ्यावर तो डबा तीन-चार तास उबदार राहील, आणि खाली उतरायला त्याहून पुष्कळ कमी वेळ लागतो. समोरून गाडी चढत असेल तर वीज तिला द्यावी. नसेल तर ही उष्णता खरोखर फुकटची.

बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांत काय बदलते?

इथे विषयाला नवी धार येते. बॅटरीच्या गाडीत डबा तापवायला घेतलेले प्रत्येक युनिट पल्ल्यातून वजा होते. त्यातच लिथियम-आयन पेशी शून्याखालच्या तापमानात वेगाने चार्ज करता येत नाहीत, केल्या तर कायमचे नुकसान होते. म्हणजे थंडगार सकाळी, पहिल्या काही थांब्यांना, बॅटरी ब्रेकची वीज घ्यायलाच तयार नसते. पूर्ण भरलेली बॅटरी घेऊन उताराला लागलेल्या गाडीचेही तेच.

त्या मिनिटांत ब्रेकची ऊर्जा पाण्याने थंड होणाऱ्या रेझिस्टरमधून एकाच चक्रात घेतली, तर आधी बॅटरी उबदार होते आणि मग डबा. काही थांब्यांनंतर बॅटरी चार्जिंग घेऊ लागली की रेझिस्टर बाजूला होतो. पुढच्या काळात ही कल्पना सर्वांत जास्त इथेच कामाला येईल असे मला वाटते.

उन्हाळ्यात या उष्णतेचे काय करायचे?

बाहेर सोडायची. म्हणून रचना कोणतीही असो, डब्याला पूर्ण वगळून उष्णता बाहेर टाकणारा मार्ग हवाच, आणि झडप बिघडली तर तोच मार्ग आपोआप उघडला पाहिजे.

भुयारी मार्गावर साठलेल्या ब्रेकच्या उष्णतेचा उपयोग होतो का?

होतो, पण डब्यांसाठी नव्हे. लंडनच्या खोल भुयारांभोवतीची चिकणमाती शतकभर गाड्यांची उष्णता पीत आली आहे. त्यात ब्रेकचा वाटा मोठा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे १४ अंशांवर असलेली ती माती आता बऱ्याच ठिकाणी २० च्या वर गेली आहे. इस्लिंग्टनमध्ये १९२२ साली बंद झालेल्या सिटी रोड स्थानकाच्या जागी नॉर्दर्न लाइन या भुयारी मार्गाची गरम हवा पंख्याने वर ओढली जाते आणि हीट पंपाने तिच्यातली उष्णता परिसरातल्या घरांच्या गरम पाण्याच्या जाळ्यात उतरवली जाते. बनहिल नावाचे हे जाळे १३५० हून अधिक घरांना उष्णता पुरवते आणि त्याचा हा दुसरा टप्पा मार्च २०२० मध्ये सुरू झाला. पंखा उलटा फिरवून उन्हाळ्यात भुयार थंड करण्याची सोयही त्यात आहे.

यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. डब्यात ज्या उष्णतेला अर्ध्या मिनिटात पकडावे लागते, ती भुयारात वर्षभर थांबून राहते.

जुन्या गाड्यांत हे बसवायचे ठरले तर सुरुवात कुठून करावी?

मोजण्यापासून. रेझिस्टरमध्ये खरोखर किती युनिट जातात, कोणत्या तासाला, बाहेर किती तापमान असताना, याची एका पूर्ण हिवाळ्याची नोंद ठेवावी. ज्या मार्गावर गाड्या सतत एकमेकींची वीज घेतात तिथे रेझिस्टर बहुधा थंडच सापडेल आणि काम तिथेच थांबवता येईल.

नोंदीत उष्णता दिसलीच, तर आधी फुकटचे उपाय: ब्रेकच्या वेळी हीटर पुढे ओढणारी थर्मोस्टॅटची आज्ञा, दारांच्या फटी बुजवणे, प्रवासी नसताना ताज्या हवेचे प्रमाण कमी करणे. यानंतर उरलेल्या गरजेपुरतीच पाण्याची टाकी आणि पाण्याने थंड होणारा रेझिस्टर मोजून घ्यावा. हे सामान गाडी मोठ्या दुरुस्तीला कारखान्यात आलेली असतानाच बसवावे, कारण तेव्हा जमीन आणि नळ्या तशाही उघडलेल्या असतात. घर्षणाच्या ब्रेकला मात्र यात कुठेही हात लावू नये.